आधी कुलूप, मग कागद : शाळेच्या इमारतीची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी

जिल्हा परिषद शाळेचा प्रभार घेताना सहसा हजेरीपट, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर (बाकं-कपाटांसारख्या टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि तांदळाचा शिल्लक साठा एवढ्यावर सह्या होतात. इमारत मात्र कुणी मोजून ताब्यात देत नाही. ती समोर उभीच असते, म्हणून ती ठीक आहे असं धरून चालतात. नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेल्या पालकांसाठी हा लेख आहे. उदाहरणं ग्रामीण महाराष्ट्रातली आहेत. नगरपालिका-महापालिकेच्या शाळांत अधिकाऱ्यांची पदनामं बदलतात, काम तेच राहतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धोकादायक खोलीत मुलं बसतात ती धोका कुणाला दिसत नाही म्हणून नव्हे. गावाला, शिक्षकांना, साहेबांना सगळ्यांना तो दिसत असतो. मुलं तिथे बसतात कारण त्यांना बसवायला दुसरी जागा नसते. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेत सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यात, शाळा भरलेली असताना घडल्या. त्यामुळे इमारतीची सुरक्षितता आणि जागेची गरज या दोन वेगळ्या फायली समजू नका. जागेचा हिशोब जमला नाही, तर धोकादायक खोलीचं कुलूप चार दिवसांत पुन्हा उघडतं.

पहिला आठवडा : खोल्यांना नंबर द्या

काम क्षुल्लक वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. प्रत्येक खोलीच्या दारावर ऑइलपेंटने ठळक क्रमांक टाका. कार्यालय, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि जुनी पडीक खोलीसुद्धा त्यात धरा. ‘पूर्वेकडील दोन खोल्या धोकादायक’ असा अहवाल तालुक्याला जातो, तिथे बसलेल्या माणसाला पूर्व कुठली ते कळत नाही आणि निर्लेखनाचा (खोली नोंदीतून काढून पाडण्याचा) आदेश भलत्याच खोलीचा निघतो. असले घोळ होतात.

मग एक जाड वही घ्या आणि प्रत्येक खोलीला दोन पानं द्या. पहिल्या पानावर बांधकामाचं वर्ष, कोणत्या योजनेतून बांधली, आतली लांबी-रुंदी, छताचा प्रकार (स्लॅब, पत्रे की कौलं), भिंती कशाच्या (वीट, दगड की जांभा), दारं किती आणि ती कोणत्या बाजूला उघडतात हे लिहा. दुसरं पान तारीखवार नोंदींसाठी मोकळं ठेवा. बांधकामाचं वर्ष सापडलं नाही तर भिंतीवरची उद्घाटनाची कोनशिला, जुनी इतिवृत्तं आणि गावातली जुनी माणसं कामी येतात. मात्र ऐकीव वर्षापुढे ‘अंदाजे’ हा शब्द लिहायचाच.

जमिनीचा कागदही याच आठवड्यात शोधा. सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, कुणी जागा दान दिली असेल तर बक्षीसपत्र. वडिलांनी तोंडी दिलेली जागा मुलगा परत मागतो, हे महाराष्ट्रात नवीन नाही. खोली मंजूर होते, ठेकेदार खडी टाकतो आणि मग कुणीतरी हरकत घेतं. कागद नसेल तर भूमि अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आत्ताच घाला, त्याला वेळ लागतो.

भिंत वाचायला शिका

तुम्ही अभियंता नाही आणि व्हायचंही नाही. पण कोणता तडा पाहून अभियंत्याला आजच बोलवायचं आणि कोणत्या तड्यावर पुट्टी मारली तरी चालेल, एवढं ओळखता आलं पाहिजे.

गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत जाणारी भेग पाया कुठेतरी खचत असल्याची खूण असू शकते. स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे आडवी भेग दिसली, किंवा भिंतीच्या आरपार पलीकडचा उजेड दिसला, तर विचार करत बसू नका. खांबावर किंवा बीमवर सळईच्या रेषेत लांबच लांब उभी-आडवी चीर गेली असेल, तर आतली सळई गंजून फुगत आहे. गंजलेलं लोखंड जास्त जागा घेतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देतं. आधी चीर पडते, मग पोपडा सुटतो, मग सळई उघडी होते. उघडी सळई दिसली की लोक वरून गिलावा करून ती झाकतात. आतलं गंजणं त्याने थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. अशी रंगरंगोटी केलेली खोली उघड्या सळईच्या खोलीपेक्षा वाईट, असं माझं मत आहे.

छताचा गिलावा सुटलाय का हे पाहायला लांब बांबू घ्या. मुलं बाहेर काढा, स्वतः बाजूला उभे राहा आणि हलकेच ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ भागाची जागा वहीत लिहा.

भेग वाढते आहे का हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून ठेवता येते. काच तडकली की भिंत हलते आहे. दर महिन्याला त्याच जागेवरून, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. अभियंता पाहणीला येईल तेव्हा सहा महिन्यांचे असे फोटो पुढे केलेत, तर बोलणं ‘बघू’ वरून कामावर येतं.

जमिनीप्रमाणे दुखणी बदलतात. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रुंद झालेली भेग ऑगस्टमध्ये मिटलेली दिसते आणि लोकांना वाटतं, बरी झाली. म्हणून तिथे दोन्ही ऋतूंतल्या नोंदी हव्यात, आणि जोत्याभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीचा किंवा काँक्रीटचा उताराचा पट्टा हवा. कोकणात खाऱ्या हवेने सळया लवकर गंजतात. कौलारू शाळांत वासे आणि रिपा वाळवीने आतून पोखरलेल्या असतात, बाहेरून रंग चकचकीत. शिवाय माकडं कौलं फोडतात आणि फुटलेल्या कौलातून वर्षभर ठिबकलेलं पाणी आढ्याचं लाकूड खातं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीकडच्या अनेक शाळांची छपरं उडाली. पत्र्यांची शाळा असेल तर हुक आणि वायसर दर मे महिन्यात तपासून घ्या. गंजलेला हुक शंभर रुपयांत बदलता येतो, उडालेला पत्रा कुणाच्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही.

दगड-मातीच्या जाड भिंतींची जुनी शाळा असेल, तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदं (मातीची सपाट छतं), यांनीच तिथे सर्वाधिक माणसं गाडली. अशा इमारतीत भिंतीचा मधला भाग पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला दिसला की ती खोली वापरातून काढायची. कोयना परिसर तर राज्यातला भूकंपाचा जास्त धोक्याचा पट्टा आहे. तिथे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवताना भूकंपरोधक मजबुतीकरणाचा उल्लेख वेगळा करा.

स्लॅबवर वर्षातून दोनदा कुणाला तरी चढवा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. पाचोळा साठून पन्हाळी तुंबतात, तळं होतं, आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात वड-पिंपळाचं रोप रुजतं. ते लहान असतानाच मुळासकट काढा. गळती थांबवायला जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर आणखी एक थर, असं करत जाणं ही आपल्याकडची आवडती चूक आहे. प्रत्येक थर म्हणजे आधीच थकलेल्या स्लॅबवर काही टन वजन. आधी जुना थर काढायचा की नाही हे अभियंत्याला विचारून लेखी घ्या.

खोली बंद कशी करायची

बहुतेक नवीन मुख्याध्यापक इथेच अडतात. ‘वरून आदेश आल्याशिवाय खोली कशी बंद करू?’ खोली पाडायला आदेश लागतो. मुलांना तिच्यातून उठवून दुसरीकडे बसवायला लागत नाही. तो वर्गव्यवस्थेचा भाग आहे आणि वर्गव्यवस्था मुख्याध्यापकच करतो. म्हणून क्रम असा: सकाळी शंका आली, मुलं बाहेर. दाराला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. दारावर आणि खिडकीवर लाल रंगात ‘धोकादायक, प्रवेश बंद’. भिंत बाहेरच्या बाजूला कलली असेल तर बाहेरूनही दोरी किंवा बांबू बांधून जागा अडवा. मधल्या सुट्टीत मुलं सावलीला नेमकी त्याच भिंतीला टेकून बसतात. त्याच दिवशी पत्र. ते साधं आणि कोरडं असावं, असं:

‘प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. विषय: खोली क्र. ३ धोकादायक असल्याने वापर बंद केल्याबाबत व तांत्रिक तपासणी होणेबाबत. महोदय, आमच्या शाळेतील खोली क्र. ३ च्या छताची सळई दोन ठिकाणी उघडी पडली असून आज सकाळी गिलाव्याचा अंदाजे दोन फूट भाग खाली पडला. कोणासही इजा नाही. खोलीचा वापर आज दिनांकापासून बंद केला आहे. त्यातील इयत्ता तिसरीचे २६ विद्यार्थी तात्पुरते खोली क्र. २ मध्ये बसविले आहेत. बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांमार्फत तपासणी होऊन लेखी अहवाल मिळावा. सोबत: फोटो ४. प्रत: केंद्रप्रमुख, उपअभियंता, बांधकाम उपविभाग, सरपंच, ग्रामपंचायत, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती.’

पत्रात विशेषणं नकोत. ‘अत्यंत भयावह अवस्था’ असं लिहून काही मिळत नाही. खोली क्रमांक, फूट, तारीख आणि विद्यार्थिसंख्या यांनी मिळतं. पत्र पंचायत समितीत देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे कळवणं नव्हे. तो ग्रुप उद्या बंद होईल, आवक क्रमांक राहील.

आठवड्याच्या आत समितीची बैठक घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. खोली बंद ठेवण्याचा ठराव त्यांच्या सह्यांनी झाला की, ‘इतके दिवस बसत होतीच की मुलं’ म्हणणाऱ्यांचा आवाज कमी होतो. ठरावात एक वाक्य आवर्जून घाला: अभियंत्याच्या लेखी अहवालाशिवाय खोली पुन्हा उघडणार नाही. निवडणुकीत मतदान केंद्रासाठी, गावच्या कार्यक्रमासाठी, सप्त्याच्या पंगतीचं सामान ठेवण्यासाठी किल्ली मागायला माणसं येतील. हे वाक्य तेव्हा उपयोगी पडतं.

अहवाल आल्यावर तो नीट वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती’, ‘मोठी दुरुस्ती’ आणि ‘वापरास अयोग्य, निर्लेखन योग्य’ हे तीन वेगळे रस्ते आहेत. अहवालात खोली क्रमांक आणि अभियंत्याचं पदनाम नसेल, तर तो परत पाठवून दुरुस्त करून घ्या. ‘इमारतीची पाहणी केली, दुरुस्ती आवश्यक’ अशा एका ओळीवर काहीही पुढे सरकत नाही.

जागेचा हिशोब

आता दुसरी बाजू. खोली बंद झाली, मुलं कुठे?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत इमारतीचे निकष आहेत: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, शाळेत अन्न शिजत असेल तर स्वयंपाकघर, खेळाचं मैदान आणि कुंपण. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच, असा तक्ता आहे. संचमान्यतेचे (शाळेला पटाप्रमाणे शिक्षक मंजूर करण्याचे) निकष राज्य शासन वेळोवेळी बदलतं, ते चालू आदेशावरूनच पाहा.

समजा तुमची पहिली ते पाचवीची शाळा आहे आणि पट १०४. तक्त्याप्रमाणे चार शिक्षक, म्हणजे चार वर्गखोल्या आणि एक कार्यालय. कागदावर खोल्या पाच. सगळं बरोबर दिसतं. आता फिरून मोजा. खोली ३ धोकादायक, बंद. खोली ५ मध्ये अंगणवाडी, कारण तिची इमारत अपुरी आहे. खोली १ मध्ये कपाटं, तांदळाची पोती, संगणक आणि एका कोपऱ्यात मुख्याध्यापकांचं टेबल. उरल्या दोन. म्हणजे वर्गांसाठी चार हव्यात आणि दोन आहेत, कमतरता दोनची. यू-डायसमध्ये (शाळांची माहिती दरवर्षी भरायच्या सरकारी प्रणालीत) गेली काही वर्षं ‘पाच खोल्या, सुस्थितीत’ असंच भरलं गेलं असेल, तर मागणी पहिल्याच टेबलावर अडकते. तिथला बाबू म्हणतो, तुमच्याकडे तर खोल्या पुरेशा आहेत. त्याचं बरोबरच आहे. त्याला तुमची शाळा दिसत नाही, आकडा दिसतो.

म्हणून यू-डायस प्लस भरताना खोलीची स्थिती जशी आहे तशीच भरा. सुस्थिती, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती असे पर्याय तिथे वेगळे आहेत. माहिती ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाची असते. गेल्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ढकलायचा मोह होतो, कारण बदलला की स्पष्टीकरण विचारतात. विचारू द्या, अभियंत्याचा अहवाल हेच स्पष्टीकरण.

खोल्या मोजून भागत नाही, चौरस फूटही मोजा. सीबीएसई आपल्या शाळांकडून ८ मीटर बाय ६ मीटरची वर्गखोली आणि दर विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा मागते. आपल्या शाळांना तो नियम लागू नाही, पण फूटपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. २० बाय १६ फुटांची खोली म्हणजे साधारण ३० चौरस मीटर. तिच्यात टेबल, कपाट आणि चाळीस मुलं बसवलीत, तर दाराकडे जायला वाट राहत नाही. आग लागली, साप निघाला किंवा नुसती आरोळी उठली तरी चेंगराचेंगरी त्या नसलेल्या वाटेत होते.

तात्पुरती सोय शोधताना मुलांचे वर्ग जोडणं, सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं आणि गावातलं समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह, हे तीन मार्ग सहसा निघतात. दोन अधिवेशनांना गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. बाहेरची जागा घेताना ती शाळेच्या पडक्या खोलीपेक्षा खरंच बरी आहे का ते त्याच नजरेने तपासा. पाणी आणि स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, मुलांना रस्ता ओलांडावा लागतो का, तेही पाहा. व्हरांड्यात वर्ग भरवायचा असेल तर बाहेर पडायची वाट मोकळी सोडून. एक उपाय मात्र सगळे विसरतात: खोली १ मधलं सामान. निर्लेखित करण्याजोगी मोडकी बाकं, बंद पडलेले संगणक, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे, यांनी किती शाळांत एक अख्खी खोली अडवली आहे याचा हिशोब कुणी ठेवत नाही. डेडस्टॉकचं निर्लेखन वेळेवर केलंत तर नवी खोली न बांधता एक वर्ग बसतो.

उलट परिस्थितीही आहे. पट घसरून वीसवर आलेला आणि खोल्या सहा. तिथे सहाही खोल्या वापरात ठेवायचा हट्ट नको. चांगल्या दोन निवडा, तुटपुंजा देखभालीचा पैसा त्यांच्यावर लावा, बाकीच्या रीतसर बंद करा.

निर्लेखन आणि नवी खोली

धोकादायक खोली नुसती बंद ठेवणं पुरेसं नाही. ती उभी आहे तोवर मुलं तिच्याभोवती लपाछपी खेळणार, आणि बऱ्याच ठिकाणी नवी खोली बांधायची जागाही तिच्याखालचीच असते. प्रस्तावाचा नमुना जिल्ह्यागणिक थोडा बदलतो, पण गठ्ठ्यात साधारण हे लागतं: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा किंवा ग्रामसभेचा ठराव, बांधकामाचं वर्ष, सर्व बाजूंचे फोटो, अभियंत्याचा निर्लेखनाची शिफारस करणारा अहवाल, जुन्या साहित्याचं मूल्यांकन, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस. मंजुरीनंतर जुनं साहित्य लिलावात जातं. लिलावाआधी एकही कौल, एकही सागवानी वासा कुणाला ‘असाच’ नेऊ देऊ नका, मग तो सरपंचाचा भाऊ असो वा देवळाच्या जीर्णोद्धाराची कमिटी. पाडकाम सुट्टीच्या दिवशीच करून घ्या.

पैशाचे झरे अनेक आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. कायद्याने समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. खोल्यांची मागणी आधी तिथे हवी, मग समग्र शिक्षेच्या (केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेच्या) वार्षिक आराखड्यासाठी तालुका मागणी मागवतो तेव्हा तोच आकडा द्यायचा. जिल्हा नियोजन समितीचा निधी, जिल्हा परिषदेचा सेस (स्वतःच्या उत्पन्नातला निधी), आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हे पुढचे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढे आकार घेतो. वित्त आयोगाच्या पैशातून स्वच्छतागृह, पाणी, दुरुस्ती हवी असेल तर त्या ग्रामसभेत हात वर करणारे पालक हवेत. मुख्याध्यापकाने एकट्याने उठून बोलण्यापेक्षा वीस आया उठल्या तर ठराव लवकर होतो.

समग्र शिक्षेतून मिळणारं शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पटाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये, असे योजनेचे दर आहेत, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. एवढ्यात खोली होत नाही. पन्हाळ, कुलूप, वायरिंग आणि दाराची बिजागरी होते. त्यावरच खर्च करा. या पैशातून प्रवेशद्वारावर थोरांची चित्रं रंगवून घेतात आणि मागच्या खोलीत वायर लोंबकळत असते, हे मला पटत नाही.

काम सुरू झालं की अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या. दोषदायित्वाचा कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती हे त्यात पाहा, कारण पहिल्या पावसात गळलं तर पुढचं पत्र त्याच्याच आधारे लिहायचं आहे. मोजमापं तपासणं अभियंत्याचं काम, पण स्लॅबवर आळी करून पाणी साठवलंय की नाही हे पालकही बघू शकतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला दहा दिवस पाणी हवंच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांआधी काढू देऊ नका. बीमखालचे टेकू त्याहून उशिरा निघतात. बांधकामाची जागा पत्रे लावून वर्गांपासून तोडा, आणि शाळा भरताना-सुटताना खडीचा ट्रक आत येणार नाही हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात बांधकामाची रक्कम समितीच्या खात्यावर यायची आणि अर्धवट राहिलेल्या खोल्यांचे हिशोब पुढे वर्षानुवर्षं मुख्याध्यापकांच्या मागे लागले. तशी वेळ आली तर रोखीचा व्यवहार करू नका. प्रत्येक हप्त्यासोबत अभियंत्याचं मूल्यांकन आणि संयुक्त सहीचा धनादेश.

छताखेरीज

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा: खिचडी वर्गाला लागून शिजू नये. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, जादा सिलिंडर वेगळा. अग्निशामक यंत्राचा काटा हिरव्यात आहे का, भरण्याची तारीख गेली का, आणि मुख्य म्हणजे पिन ओढून ते चालवता कुणाला येतं? शिक्षकांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही शिकवा. आग त्यांच्यासमोरच लागणार आहे.

विजेसाठी मुख्य बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आणि चालू अर्थिंग बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं, हे शिपाई नसलेल्या शाळेत कुणाच्याच लक्षात राहत नाही. मैदानावरून तारा गेल्या असतील तर महावितरणच्या उपविभागाला लेखी कळवा. तातडीसाठी १९१२ आहे.

स्वच्छतागृहांसाठी स्वच्छ विद्यालय कार्यक्रमाने धरलेलं प्रमाण चाळीस मुलांमागे एक संच, म्हणजे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. मुलींचं दार आतून कडी लागणारं हवं. शोषखड्ड्याचं झाकण पायाने दाबून पाहा, मुलं त्यावर उड्या मारतात. उताराचा रॅम्प एकास बारा: जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा. आपल्याकडे सहा फुटांत संपवलेले रॅम्प मोटारसायकल चढवायला बरे, चाकाच्या खुर्चीला घातक. संरक्षक भिंत आधाराच्या खांबांशिवाय लांबच लांब उभी असेल, तर तीही ‘खोली’ समजून वहीत घ्या. पावसात मागच्या मातीचा रेटा आला की अशी भिंत आडवी होते.

वर्गांची दारं बाहेर उघडतील अशी करून घ्या आणि बाहेरच्या कड्या शाळेच्या वेळेत लागणार नाहीत अशा बांधून ठेवा. शाळा तातडीने रिकामी करण्याचा सराव प्रत्येक सत्रात दोनदा पुरे, पण एकदा तरी न सांगता, आणि एखादं दार ‘बंद आहे’ असं धरून. कोण मूल कुठल्या रांगेत, मैदानात कुठे उभं राहायचं, हजेरी कोण घेणार, पहिलीतल्या मुलांचा हात कुणी धरायचा हे ठरलेलं असावं. १०८, ११२ आणि १०१ हे क्रमांक कार्यालयाच्या आत नव्हे, बाहेरच्या भिंतीवर रंगवा. कार्यालयाला कुलूप असतं.

वर्षाचं चक्र

एप्रिलमध्ये वही घेऊन पूर्ण फेरी, मे महिन्यात पन्हाळी, हुक, वायरिंग आणि लहान दुरुस्त्या. जूनमध्ये, विदर्भात शाळा जरा उशिरा उघडते तिथे त्याप्रमाणे, मुलं येण्याआधी एक दिवस शिक्षकांनी प्रत्येक खोलीत बसून यावं. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच दुसरी फेरी, ती टाळू नका. सप्टेंबरअखेर यू-डायस, ऑक्टोबरला ग्रामसभा, त्यानंतर शाळा विकास आराखडा आणि तालुक्याकडे मागणी. वादळ किंवा अतिवृष्टी झाली तर त्याच दिवशी फोटो काढा, गटशिक्षणाधिकारी आणि तहसील दोन्हीकडे कळवा आणि पंचनाम्यात शाळेचं नुकसान लिहिलं गेलं का ते तलाठ्याजवळ उभं राहून पाहा. घरं आणि पिकं लिहिता लिहिता शाळा राहून जाते.

बदली झाली की प्रभार यादीत ही वही, अभियंत्यांचे अहवाल, आवक क्रमांकाची पत्रं आणि बंद खोल्यांच्या किल्ल्या यांची स्वतंत्र नोंद करा. यादीत ‘खोली क्र. ३, वापर बंद, ठराव दिनांक अमुक, किल्ली नग १’ असं लिहून घेणाऱ्याची सही घ्या. येणारे गुरुजी किंवा बाई पहिल्याच दिवशी जागा कमी पडते म्हणून ते कुलूप उघडायला निघतील. त्यांच्याबरोबर खोली ३ च्या दारापर्यंत जा आणि छताचे फोटो दाखवूनच किल्ली द्या.